कारवी ओळखावी खोडावरून

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कुठल्याही वाडीत जुन्या घराची भिंत जरा जवळून पाहा. पावसाच्या झडीने शेणामातीचा लेप जिथे निसटलेला असतो, तिथे आतल्या उभ्या काठ्या उघड्या पडतात. बोटाएवढ्या जाडीच्या, एकमेकींना खेटून उभ्या, मध्येमध्ये आडव्या कांबीला बांधलेल्या. हा कूड, आणि काठ्या कारवीच्या. हात फिरवला तर त्या गुळगुळीत लागत नाहीत. सालीवर बारीक पुळ्या उठल्यासारखे खरबरीत उंचवटे असतात. माती धरून ठेवायला तेच कामी येतात. गुळगुळीत काठीवर गिलावा एका पावसाळ्यात सुटेल, कारवीवरचा वर्षानुवर्षं टिकतो. वारली चित्रं ज्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर काढली गेली, त्या भिंतीही पुष्कळदा याच कुडाच्या.

ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या डोंगरातल्या माणसांना कारवी अशी ओळखीची आहे. घराचा कूड, परसातल्या वेलांना आधार, चुलीला काटक्या. काठी तोडायची ती पानं झडल्यावर, कोरड्या दिवसांत. म्हणजे जो माणूस कारवी सर्वांत जास्त हाताळतो, तो तिला फुलाविना, पानाविना ओळखतो. फूल त्याच्या हिशेबात येतं ते मधामुळे, आणि तेही पुष्कळ वर्षांनी एकदा.

शहरातल्या माणसाचं नेमकं उलटं. त्याच्या लेखी कारवी म्हणजे फूल. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०००, २००८, २०१६ आणि २०२४ या साली कारवी सामूहिकपणे फुलली, आणि या शेवटच्या खेपेला तर तिची वर्दी पानाफुलांपेक्षा फोनवरून आधी आली. त्या सप्टेंबरात मोबाइलवर फिरलेल्या कारवीच्या फोटोंमध्ये कारवी होती, तशीच रानअबोलीही होती, तालिमखाना होता, कासच्या पठारावरची टोपली कारवी होती आणि मुन्नारची नीलकुरिंजीसुद्धा होती. सगळ्यांना एकच नाव, कारण सगळी निळी-जांभळी. वनस्पती ओळखण्याची थोडी सवय असलेल्या माणसाला या फोटोंत एक गोष्ट खटकते. पंचवीसातल्या चोवीस फोटोंत फक्त पाकळ्या असतात. खोड नाही, पान नाही, फुलाखालचं छद नाही. आणि कारवीच्या बाबतीत रंग हा सर्वांत कच्चा पुरावा आहे.

आधी रानअबोली बाजूला काढू, ती सोपी आहे. तिची फुलं निळी खरी, पण नळी काडीसारखी बारीक आणि वरची पाच पाळी तबकासारखी सपाट पसरलेली. कणसावरची छदं पांढुरकी आणि त्यांवर हिरव्या शिरांचं स्पष्ट जाळं. शिवाय तिचं निळं फूल कोमेजताना गुलाबी-तांबूस होत जातं, एकाच कणसावर दोन्ही रंग दिसतात. तालिमखाना त्याहून सोपा. तो ओलीत, ओढ्याकाठी किंवा भाताच्या बांधाशी वाढतो, आणि फुलांच्या झुबक्याभोवती लांब पिवळसर काटे असतात. हात लावला की कळतं. ही दोन्ही कारवीच्याच कुळातली. अडुळसा, अबोली, कोरांटी हीही त्याच कुळातली, मराठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याला वासक कुल म्हणतात. पण कारवीशी त्यांचं नातं लांबचं. खरी गल्लत होते ती जवळच्या बहिणींत, आणि त्या बहिणी पुष्कळ आहेत. कारवीच्या स्ट्रोबिलँथस या प्रजातीत आशियाभर मिळून साडेतीनशेच्या वर जाती मानल्या जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच सह्याद्रीपासून श्रीलंकेपर्यंतच्या डोंगरांत आहेत.

म्हणून कारवीच्या झुडपापाशी उभं राहून वरून खाली नव्हे, खालून वर पाहावं.

खोड चौकोनीपणाकडे झुकणारं, सालीवर त्याच पुळ्या. नेस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये तिला दिलेलं ‘कॅलोसा’, म्हणजे घट्टेवजा, हे जातीचं नाव या खोडाला शोभतं. पानं समोरासमोर, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, कडेला दातेरी, पोताला खरखरीत. शिरा ठसठशीत, पानाच्या मधल्या दांड्यापासून तिरप्या निघून कडेपर्यंत समांतर गेलेल्या. मोठं पान वीतभर भरतं. वाळलेलं पान उजेडाकडे धरून भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक पांढुरक्या रेषा दिसतात. पेशींत साठलेल्या चुन्याचे ते कण. या कुळाची ही खूण वाळल्यावर अधिक उठून दिसते, त्यामुळे वनस्पतिसंग्रहात काम करणारे तिच्यावर फार अवलंबून असतात आणि रानात फिरणारे जवळजवळ अजिबात नाहीत.

मग कणीस. कारवीचं फूल एकटं सुटं येत नाही, ते कणसातून येतं. कणसावर गोलसर, केसाळ छदं एकावर एक कौलं रचावीत तशी बसलेली असतात, आणि प्रत्येक छदाआडून एकेक फूल बाहेर डोकावतं. फूल गळालं तरी छदं तिथेच राहतात. फूल साधारण चार सेंटिमीटर, घंटेसारखं, तळाशी अरुंद आणि वर फुगत गेलेलं, कडेला पाच पाळी. एखादं उभं चिरून पाहावं. आतल्या भिंतीवर केसांची दाटी दिसते, त्या केसांतून वाट काढत मधमाशी तळाच्या मधाकडे जाते आणि पाठीवर पराग घेऊन मागे सरकत बाहेर येते. ही एवढी चिरफाड एका फुलाची केली तर रानाचं काही बिघडत नाही, फुललेल्या उतारावर फुलं मोजण्यापलीकडची असतात. झुडूप मुळासकट उपटणं किंवा फोटोसाठी कणसं तोडून केसांत माळणं ही वेगळी गोष्ट.

उंचीवरून मात्र काही ठरवू नये. उघड्या, वारा खाणाऱ्या कड्यावरची कारवी कमरेला लागते. तीच घळीत, झाडांच्या सावलीत, माती खोल असेल तर पाच-सहा मीटरपर्यंत चढते आणि माणसाला तिच्यातून वाट काढावी लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही दोन वेगळी झाडं वाटतात. तो फरक जागेचा आहे, जातीचा नाही.

आता निळ्याकडे येऊ. कारवी ‘निळी’ म्हणायची ती सोयीसाठी. एका उतारावर उभं राहिलं तर फिकट आकाशी, गडद निळ्या, वांग्याच्या रंगाकडे झुकलेल्या अशा छटा शेजारीशेजारी दिसतात. क्वचित एखादं झुडूप गुलाबी फुलांचं, त्याहून क्वचित एखादं पांढऱ्या फुलांचं. यातला प्रत्येक वेगळेपणा एकाच कारणाचा नसतो. निळा-जांभळा रंग येतो अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांमुळे, आणि तेच द्रव्य पेशीरसाची आम्लता, सोबतची दुसरी द्रव्यं आणि धातूंचे कण यांवरून कधी निळसर तर कधी तांबूस दिसतं. फूल किती वेळापूर्वी उमललं, ऊन आहे की ढग, यानेही डोळ्याला फरक जाणवतो. पुन्हा कॅमेरा आपला एक घोळ घालतो. अशा काही पाकळ्या दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकाकडचा प्रकाशही परत फेकतात. डोळ्याला तो जेमतेम जाणवतो, कॅमेरा मात्र तो टिपतो. समोर निळं दिसणारं फूल फोटोत जांभळं का झालं, असं विचारणाऱ्यांची संख्या दर फुलोऱ्याला वाढते.

पांढरी कारवी याहून निराळी. तिथे रंगद्रव्य बनवण्याच्या साखळीतली एखादी कडी तुटलेली असते. असं झुडूप सापडलं की ‘दुर्मीळ पांढरी जात सापडली’ अशी बातमी होते. जात नाही सापडलेली. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम जातीच्या खाली उपजाती, तिच्याखाली प्रकार आणि त्याखाली रूप अशा पायऱ्या मानतात. निळ्यांच्या गर्दीत उगवलेलं एकटं पांढरं झुडूप फार तर ‘रूप’ म्हणून नोंदवता येईल. ‘प्रकार’ म्हणायचं तर त्याचं वेगळेपण एका लक्षणावर न थांबता दोन-तीन लक्षणांत एकत्र दिसावं लागतं, शक्यतो त्याचा स्वतःचा भूभाग असावा लागतो, आणि ते पिढीतून पिढीत जावं लागतं. या शेवटच्या अटीपाशी कारवी सगळ्यांची गाडी अडवते. त्याकडे पुढे येतोच.

खराखुरा ‘प्रकार’ पाहायचा असेल तर साताऱ्याहून कासला जावं. सुमारे बाराशे मीटर उंचीचं हे जांभ्याचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्यानंतर तिथल्या सप्टेंबरातल्या रविवारांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. सीतेची आसवं, सोनकी, तेरडा, मिकी माऊस ही वर्षागणिक फुलणारी मंडळी. त्यांच्यात मधूनमधून, उपड्या टोपल्या मांडून ठेवाव्यात तसे अर्धगोल, गुडघ्याएवढे हिरवे गोळे दिसतात. तीच टोपली कारवी. तिला ओळखायला फूल लागतच नाही. पानं छोटी, केसाळ, जवळजवळ देठाशिवाय खोडाला चिकटलेली. इथल्या पातळ मातीच्या थरात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात उंच वाढणं परवडणारं नाही, आणि टोपली कारवी तशी वाढतही नाही. कड्यावरच्या बुटक्या कारवीचं बियाणं घळीत रुजलं तर उंच होतं. टोपलीची ठेवणच निराळी, पान निराळं, कणीसही निराळं.

टोपली कारवी ‘प्रकार’ ठरली ती अशी. नेसने जिला स्ट्रोबिलँथस सेसिलिस म्हटलं, ती दक्षिणेकडच्या डोंगरांतली. एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या बाजूला झाडं गोळा करणारे एक लष्करी डॉक्टर होते, रिची नावाचे. उत्तरेकडचे नमुने वेगळे वाटले म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्क यांनी ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’साठी काम करताना त्यांना सेसिलिसचा ‘रिचीआय’ हा प्रकार ठरवलं. १९४४ मध्ये ब्रेमेकॅम्प या डच शास्त्रज्ञाने त्याच प्रकाराला थेट जातीचा दर्जा दिला, वर नवी प्रजाती बहाल केली: प्लिओकॉलस रिचीआय. आज तुम्हाला टोपली कारवीच्या फोटोखाली ही दोन्ही नावं आलटून पालटून दिसतील. त्यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही. हे झुडूप आपल्या दक्षिणेतल्या भावंडापासून नेमकं किती लांब गेलंय याबद्दलचा तो मतभेद आहे.

ब्रेमेकॅम्प यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत त्यांनी गोंधळ करून ठेवला आहे. उट्रेख्टमध्ये बसून, मुख्यतः वाळलेल्या नमुन्यांवर आणि त्यातही परागकणांच्या नक्षीवर भर देऊन त्यांनी स्ट्रोबिलँथसचे पन्नासहून अधिक तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं. आपली कारवी झाली कार्व्हिया कॅलोसा. मराठी नाव लॅटिन करून थेट प्रजातीवर चढवलं, याचा कोणालाही आनंद व्हावा. पण त्या पन्नासांतल्या पुष्कळ प्रजातींत एकेकच जात उरली. अशी वर्गवारी रानात वापरणं कठीण. २००२ मध्ये कॅरिन आणि स्कॉटलंड या संशोधकांनी हा सगळा पसारा पुन्हा तपासला आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारलं की जे वर्गात बसतच नाही त्याचं वर्गीकरण आपण करतोय का. त्यानंतर बहुतेकांनी सगळ्या तुकड्यांची मोट परत स्ट्रोबिलँथस या एकाच नावाखाली बांधली. माझं मत विचाराल तर बोलताना ‘कारवी’ म्हणावं आणि वहीत दोन्ही शास्त्रीय नावं लिहून ठेवावीत. जुन्या पुस्तकांतलं काही शोधायचं तर जुनं नाव लागतंच.

जुनी पुस्तकं म्हणजे मुख्यतः दोन. डॅल्झेल आणि गिब्सन यांचं ‘बॉम्बे फ्लोरा’, १८६१ सालचं. दोघेही मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले, गिब्सन तर इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. आणि दुसरं थिओडोर कुक यांचं, १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागांनी निघालेलं. कुक पेशाने अभियंते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. निवृत्तीनंतर इंग्लंडात बसून त्यांनी इलाख्यातल्या फुलझाडांचा हा ग्रंथ लिहिला आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी त्यातल्या ओळख-कळा, म्हणजे ‘असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे’ अशी पायरीपायरीने नेणारी सारणी, अजून वापरल्या जातात. कुकची सारणी उघडली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. पहिल्या पायरीवर रंग विचारलेला नसतो. छदं कशी, कणसं सुटी की गुच्छात, पुंकेसर किती, पानाला देठ आहे की नाही, हे आधी. नेस स्वतः भारतात कधी आलाच नव्हता. भारतात काम करणाऱ्या वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा करवून घेतलेल्या वाळक्या झाडांवरून त्याने ही सगळी नावं दिली. वाळलेल्या नमुन्यात निळं उरत नाही, तपकिरी होतं. ज्याने कारवीला शास्त्रात आणलं त्याने तिचं निळं कधी पाहिलंच नव्हतं, आणि तरी त्याची ओळख पक्की निघाली.

घाटमाथ्यावर कारवीच्या आणखी दोन बहिणी जवळच्या. एक व्हायटी. तिचं शास्त्रीय नाव इक्सिओसेफाला. कणसाच्या गोंड्याला बोट लावा, चिकटतं आणि बोटाला उग्र राळेसारखा वास लागून राहतो. फुलं बहुतेक पांढुरकी, जांभळ्या झाकेची, आणि हंगाम पावसाळ्यानंतरचा, थंडीतला. महाबळेश्वरकडे ती भरपूर. दुसरी आकरा. या एका नावाखाली गावोगावी दोन-तीन जाती खपतात, आणि त्यांची नेमकी उकल करायला भिंग, पुस्तक आणि सवड तिन्ही लागतात. त्याहून दक्षिणेला उतरलं की आणखी नावं. डॅल्झेल यांनी एका जातीला ‘वारीएन्सिस’ म्हटलं ते वाडी संस्थानावरून, म्हणजे आजच्या सावंतवाडीवरून. नीलकुरिंजी मात्र आपल्याकडची नाही. तिचा बारा वर्षांचा फेरा मुन्नारच्या बाजूला २००६ आणि २०१८ मध्ये झाला, पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. महाराष्ट्रात कोणी ‘कुरिंजी फुलली’ म्हणालं तर तो बहुधा टोपली कारवीजवळ उभा आहे.

या सगळ्या बहिणींची सगळ्यात पक्की यादी मला वनस्पतिशास्त्राच्या विभागात मिळाली नाही, मधाच्या दुकानात मिळाली. महाबळेश्वरच्या परिसरात मध जातीनिहाय ओळखला जातो: जांभूळ, हिरडा, गेळा, आकरा, व्हायटी, कारवी. मधपाळाला फूल कोणत्या ग्रंथात कोणत्या नावाने आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पण पेटी कुठे न्यायची, कधी न्यायची आणि पोळ्यात आलेला मध कशाचा, हे त्याला ठरवावंच लागतं. कारवीचा मध दाट आणि गडद. ज्या वर्षी एखादा डोंगर फुलतो त्या वर्षी सातेरी माश्यांच्या पेट्या आणि कड्यांवरची आग्यामाश्यांची पोळी दोन्ही भरतात. महाबळेश्वराजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मधासाठी डोंगराच्या कोणत्या बाजूची कारवी यंदा भरात आहे याचं गणित जे लोक डोक्यात वागवतात, तेच खरं तर कारवीचे निरीक्षक. त्यांच्या आठवणी कुठल्या नोंदवहीत उतरलेल्या नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

कारण कारवीची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची ओळखखूण आहे तिचं वय. आणि ते एका दिवसात पाहता येत नाही.

सात वर्षं की आठ, हा वाद दर फुलोऱ्याला होतो. तो बराचसा मोजण्यातला आहे. बी रुजल्यावर कारवी दरवर्षी पावसाळ्यात हिरवीगार होते आणि पाऊस सरला की पानं टाकून वाळक्या काठ्यांसारखी उभी राहते. अनोळखी माणसाला उन्हाळ्यात ती मेलेलीच वाटते. असे सात पावसाळे जातात आणि आठव्यात फुलोरा येतो. कोणी मधली वर्षं मोजतं, कोणी एका फुलोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची. बोरिवलीत आठाचा हिशेब आजवर नेमका बसला आहे. इतरत्र सातही ऐकू येतात. एका डोंगराचं वर्ष दुसऱ्याला लागू पडत नाही. भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, रतनगड, कोयनेचं खोरं, प्रत्येक ठिकाणी आपापली घडी आहे, आणि काही ठिकाणी एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन वेगळ्या पिढ्या आहेत. शिवाय मुख्य वर्षाच्या आधी किंवा नंतर चुकार झुडपं फुलतातच. एखाद्या चुकार झुडपाचा फोटो ‘कारवी फुलली’ म्हणून पसरतो आणि शनिवारी गाड्यांची रांग लागते. तिथे पोचल्यावर बाकीचा उतार हिरवा बघून लोक चिडतात.

फुलून झाल्यावर झाड मरतं. जाता जाता बी मात्र लगेच सोडत नाही. बोंडं वाळक्या काठ्यांवर तशीच राहतात, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला, पहिल्या सरींनंतर, ती ताडताड फुटतात. या कुळातल्या बोंडांच्या आत बियांच्या खाली कठीण आकडे असतात. बोंड तडकलं की ते बी लांब भिरकावून देतात. २०२५ च्या जूनमध्ये बोरिवलीतल्या उतारांवर हा आवाज ऐकण्यासारखा होता, आणि तो ऐकायला फुलांच्या गर्दीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी माणसंही नव्हती.

सगळ्यांनी एकदमच का फुलावं? बांबूच्या बाबतीत जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण कारवीलाही लावलं जातं. बी खाणारे प्राणी, किडे यांच्यापुढे एकदमच इतकं बी टाकायचं की खाऊन खाऊन उरावं. मधल्या वर्षांत त्यांना काही द्यायचंच नाही, म्हणजे त्यांची संख्याही वाढत नाही. शिवाय सगळा उतार एकदम फुलला की मधमाश्या लांबून येतात आणि परागीभवन नीट होतं. कारवीच्या सात-आठ वर्षांच्या घड्याळाला पेशींच्या पातळीवर नेमकं काय चालवतं, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. स्ट्रोबिलँथसच्या फुलोऱ्यांच्या नोंदी ठेवणं ही जुनी परंपरा आहे. रॉबिन्सन यांनी दक्षिणेतल्या १९३४ च्या फुलोऱ्याविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं होतं, आणि आजही सोसायटीच्या गोरेगावच्या केंद्रातून कारवीच्या वर्षी लोकांना फुलं दाखवायला नेलं जातं.

म्हणून ज्याला कारवी खरोखर ओळखायची आहे त्याने फोटो काढावेत, जरूर काढावेत, पण एका फुलाचे दहा काढण्याऐवजी एका झुडपाचे पाच काढावेत. खोडाचा एक, पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा एकेक, छदं दिसतील असा कणसाचा एक, आणि पूर्ण झुडपाचा, शेजारी माणूस उभा करून, एक. तारीख, डोंगराचं नाव आणि उताराची बाजू लिहावी. त्या उतारावर सगळी फुललीत की चुकार, हे लिहावं. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारखं पुस्तक जवळ असेल तर पाकळीच्या रंगावरून पान उघडायला हरकत नाही, पण पुस्तक मिटण्याआधी पानाचा देठ आणि छद जुळतंय का हे बघावं. आणि तीन वर्षांनी, फूल नसताना, उन्हाळ्यात, त्याच जागी पुन्हा जावं.

आता ती अडलेली गाडी. समजा, २०२४ च्या सप्टेंबरात बोरिवलीच्या उतारावर तुम्हाला पांढऱ्या फुलांची कारवी दिसली. हा पांढरेपणा अनुवांशिक आहे का, तो पुढच्या पिढीत टिकतो का, हे जाणायचा एकच मार्ग. त्या झुडपाचं बी खुणेने वेगळं गोळा करायचं, रुजवायचं आणि फुलण्याची वाट पाहायची. पहिलं उत्तर मिळेल २०३२ मध्ये. त्यातही मधमाश्यांनी शेजारच्या निळ्या झुडपांचा पराग आणलेला असणार, त्यामुळे पहिल्या पिढीत सगळी निळी आली तरी पांढरेपणा दडून राहिलेला असू शकतो. तो परत वर येतो का ते पाहायला या पिढीतल्या झुडपांचा आपसात संकर करून दुसरी पिढी वाढवावी लागेल. ते उत्तर २०४० मध्ये. निलगिरीकडची सेसिलिस आणि कासची टोपली कारवी यांचा संकर जमतो का, जमला तर संतती कशी दिसते, हाही ‘प्रकार की जात’ या वादाचा एक सरळ निकाल ठरेल, पण तोही याच चालीने. नेस, क्लार्क आणि ब्रेमेकॅम्प यांनी निकाल दिले ते वाळक्या पानांवरून. जिवंत झाडावरून द्यायचे तर एका संशोधकाच्या उभ्या कारकिर्दीत चार-पाच पिढ्या हाताशी येतात, त्याहून जास्त नाहीत.

बोरिवलीतल्या त्या उतारांवर सध्या या नव्या पिढीची रोपं उभी आहेत, अजून जेमतेम गुडघ्याला लागणारी. फुलं नाहीत, त्यामुळे बघायला कोणी जात नाही. खोडाला पुळ्या कोणत्या वर्षी येऊ लागतात हे तपासायला मात्र हीच वेळ आहे.